तसबिरीच्या पाठीमागचा मजकूर

भिवंडीचे नाव काढले की यंत्रमागांचा खडखडाट, मुंबई-आग्रा रस्त्यावरची मालमोटारींची अखंड रांग आणि अलीकडच्या काळात त्या रस्त्याच्या दुतर्फा पसरत गेलेली अफाट गोदामे एवढेच चित्र परक्या माणसाच्या डोळ्यांपुढे उभे राहते, आणि ते खोटे आहे असेही म्हणता येत नाही. परंतु हा मुलूख लष्करी इतिहासाला पारखा आहे असा जो समज त्यातून नकळत रूढ होतो, तो दूर करणे अगत्याचे आहे. १६५७ साली कल्याण आणि भिवंडी ही दोन्ही ठाणी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि त्यानंतर थोड्याच अवधीत याच खाडीच्या परिसरात मराठ्यांच्या आरमाराची पहिली गलबते बांधली जाऊ लागली. पुढे ऐंशी वर्षांनी चिमाजी आप्पांनी वसईची मोहीम हाती घेतली तेव्हा अंजूरच्या गंगाजी नाईकांनी तिच्यात मोठा भाग घेतला, आणि मे १७३९ मध्ये वसई सर झाल्यावर आप्पांच्या नवसाचे देऊळ तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरीला उभे राहिले. किल्ल्यासारख्या दगडी तटाने वेढलेल्या त्या देवळाच्या पायऱ्या आजही असंख्य भाविक चढतात. देवीचे दर्शन घेतात, प्रसाद घेतात, आणि परततात. ज्या शिपायांनी वसईच्या तटाला भिडून प्राण वेचले त्यांच्या विजयाचे ते स्मारक आहे. त्या शिपायांचे चेहरे कसे होते हे सांगणारी एकही खूण मात्र मागे उरलेली नाही.

चेहरा उरत नाही हे दुःख आपल्याकडे फार जुने आहे. महाराष्ट्रात गावोगावी, देवळाच्या आवारात किंवा शिवेवर, जे वीरगळ उभे आहेत त्यांची रचना साधारणतः ठरलेली असते: खालच्या चौकटीत झुंज आणि वीराचा मृत्यू, त्यावर अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या, त्यावर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, आणि शेंड्याला चंद्रसूर्य. बोरिवलीजवळच्या एकसर येथील शिलाहारकालीन वीरगळांवर तर गलबतांची आणि वल्ह्यांची रांगच्या रांग कोरून सागरी युद्धाचा सबंध देखावा उभा केला आहे, आणि त्या अनाम पाथरवटाचे कौशल्य पाहून मन थक्क होते. परंतु त्या शिल्पातला वीर हा वीरांचा नमुना आहे. त्याचे नाक, त्याच्या कपाळावरची आठी, हसताना वर जाणारा ओठाचा कोपरा, यांपैकी काहीही पाथरवटाने पाहिलेले नव्हते व ते कोरण्याची त्याला गरजही भासली नव्हती. मरणाने माणूस देवकोटीत गेला की त्याच्या माणूसपणाच्या खुणा पुसल्या जाव्यात, असाच तो संकेत होता.

सरकारी दफ्तराने मात्र शिपायाच्या चेहऱ्याची दखल फार पूर्वीपासून घेतली आहे, पण ती निराळ्याच हेतूने. अकबराच्या कारकिर्दीत दृढ झालेल्या दाग आणि चेहरा या शिरस्त्याप्रमाणे घोड्याला डाग देत आणि स्वाराचे वर्णन दफ्तरात लिहून ठेवीत, म्हणजे हजेरीच्या वेळी एकाच्या जागी दुसऱ्याला उभे करून सरकारचा पगार कोणी लाटू नये. लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांना मराठेशाहीत बालपरवेशी मिळे, तिचीही नोंद जमाखर्चात होई. या सर्व व्यवस्थेत अन्याय होता असे नाही. फौज म्हटली की हजेरी आली, हिशेब आला, बंदोबस्त आला. तथापि ज्या घरातून तो शिपाई निघून गेला होता त्या घराच्या हाती या नोंदींपैकी काहीही पडत नसे, आणि आईला आपल्या मुलाचा चेहरा आठवावा लागे तो केवळ आठवणीच्या बळावर.

छायाचित्राची कला मुंबईत फार लवकर पोहोचली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ त्या आरंभीच्या काळातच या कलेत पारंगत झाले. परंतु सामान्य माणसाच्या वाट्याला हे यंत्र प्रथम आले ते पुन्हा सरकारच्या बाजूने. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाचे आठ खंड प्रसिद्ध झाले आणि त्यांत हिंदुस्थानातील जातीजमातींची छायाचित्रे छापली गेली. त्या छायाचित्रांत माणसे आहेत, पण ती बहुतांशी अमुक जातीचा नमुना म्हणूनच उभी आहेत. फौजेत कोणाला भरती करावे हे गोऱ्या अंमलदारांना कळावे म्हणून सैन्याने ज्या पुस्तिका काढल्या, त्यांपैकी मराठे आणि दख्खनी मुसलमान यांच्यावरची मेजर बेथम यांची पुस्तिका १९०८ सालची. तिच्यात आमच्या लोकांचा आहार, देवदेवक, स्वभाव आणि अंगकाठी यांचा तपशील आहे. माणसाला जवळून न्याहाळूनही त्याला ओळखायचे राहून जाते, याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

पहिले महायुद्ध झाले आणि या उपेक्षेची खरी किंमत दिसून आली. हिंदुस्थानच्या सुमारे ७४ हजार सैनिकांनी त्या युद्धात प्राण गमावले. मेसोपोटेमियातील कूत या गावी डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत जी फौज वेढ्यात सापडली होती, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. उपासमारीने खंगून अखेर ती फौज तुर्कांच्या हाती पडली आणि कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत कित्येक जण मेले. त्यांच्या स्मरणार्थ बसऱ्याला जे भव्य स्मारक उभारण्यात आले, त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली, हिंदी अंमलदारांचीही कोरली गेली, आणि साध्या हिंदी शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीच्या नावापुढे केवळ आकडा कोरला गेला. याच्या उलट फ्रान्समधील नव शापेल येथे १९२७ साली ज्या स्मारकाचे अनावरण झाले त्यावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. म्हणजे एकाच मुंबई इलाख्यातले दोन शिपाई एकाच युद्धात पडले. एकाचे नाव दगडावर राहिले, दुसऱ्याचा आकडा झाला. युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या आयोगाने २०२१ मध्ये आपल्या अहवालात हा भेदभाव उघडपणे मान्य केला आणि त्याबद्दल क्षमा मागितली, ही गोष्ट त्याच्या लौकिकाला शोभणारी आहे. पण तोवर शंभर वर्षे उलटली होती.

घराजवळही तसेच घडले. सातारा, रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांत फिरताना एखाद्या चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली संगमरवरी पाटी दिसते: या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राणार्पण केले. साताऱ्याजवळच्या ज्या अपशिंगे गावाला लोक अपशिंगे मिलिटरी याच नावाने ओळखतात, तेथील ४६ जण त्या युद्धात कामी आले. मी अशा पाट्यांसमोर उभा राहिलो आहे, आणि प्रत्येक वेळी एकच विचार मनात आला आहे की या आकड्यातला प्रत्येक एकक म्हणजे एक घर, एक चूल, वाट पाहणारी एक म्हातारी. गावाने संख्या जपली. नावे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी राहिली, आणि म्हातारी माणसे गेली तशी तीही गेली.

ज्या घरात त्या काळी फोटो काढला गेला होता, त्या घराची गोष्ट मात्र निराळी झाली. छावणीच्या बाजारात फोटोवाल्याचे दुकान असे. रंगवलेला पडदा, त्यावर एखादा महाल किंवा सरोवर, पुढे उंच स्टुलावर कुंडी, आणि त्या कुंडीवर एक हात टेकवून ताठ उभा राहिलेला, पट्टा घट्ट आवळलेला, पहिल्या पगारातून पैसे मोजून आलेला जवान. तो फोटो पोस्टकार्डाच्या आकाराच्या कागदावर छापला जाई आणि पत्रासोबत गावी येई. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ जी मोठी लष्करी छावणी पडली, आणि जिच्या जागी फाळणीनंतर निर्वासितांचे उल्हासनगर वसले, ती भिवंडीपासून किती लांब? खाडी ओलांडली की आलीच. त्या वर्षांत या भागातल्या लोकांनी खाकी गणवेश जितक्या जवळून पाहिला तितका त्यापूर्वी क्वचितच पाहिला असेल. त्या छावण्यांतून सुटलेली माणसे आपापल्या गावी परतली तेव्हा त्यांच्या लोखंडी पेटीत डिस्चार्जचे कागद, एखादे पदक, घोंगडी आणि दोनचार फोटो एवढीच मालमत्ता असे. कागद पेन्शनच्या कचेरीत गेले, घोंगडी विरली, पदके कोणी मोडीतही घातली असतील. फोटो भिंतीवर राहिले.

येथे थोडे थांबून एका परदेशी हकिकतीचा उल्लेख करावासा वाटतो, कारण साध्या घरगुती फोटोत केवढे सामर्थ्य असते हे तिच्याइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. जुलै १८६३ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्धात गेटिसबर्गची लढाई झाली आणि रणांगणावर एका शिपायाचे प्रेत सापडले. त्याच्यापाशी नाव नव्हते, पत्र नव्हते, पलटणीची खूण नव्हती. हातात होता तो काचेवरचा एक फोटो, तीन लहान मुलांचा. त्या काळी वर्तमानपत्रांना छायाचित्र छापता येत नसे, म्हणून मुलांचे कपडे, त्यांची बसण्याची पद्धत, मोठ्या मुलाच्या अंगरख्याचे कापड आणि मुलीच्या झग्याचे कापड एकच असल्याचे, असे सारे वर्णन शब्दांत छापण्यात आले आणि हा बाप कोणाचा असा प्रश्न देशाला विचारण्यात आला. न्यूयॉर्क प्रांतातल्या एका लहान गावी एका स्त्रीने ते वर्णन वाचले आणि आपण विधवा झाल्याचे तिला त्यातून कळले. त्या शिपायाचे नाव एमॉस ह्यूमिस्टन. पुढे त्या फोटोच्या प्रती विकून जो पैसा जमला त्याचा उपयोग अनाथ मुलांच्या आश्रमासाठी झाला. एरवी जे प्रेत अनाम म्हणून पुरले गेले असते, त्याला त्याच्या मुलांच्या चेहऱ्यांनी त्याचे नाव परत दिले.

ही गोष्ट मनात ठेवून आपण आपल्या घरातले फोटो पाहिले तर काय आढळते? एक गणवेशातला फोटो असतो, भरतीनंतरचा किंवा कसम परेडीच्या दिवशीचा. एक पलटणीचा समूहफोटो असतो, लांबट, पुठ्ठ्यावर चिकटवलेला. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर साहेब आणि सुभेदार, मागे उभ्या रांगांत जवान, आणि नावे छापलीच असतील तर ती बहुधा खुर्चीवर बसलेल्यांची. हे दोन फोटो भिंतीवर टांगले जातात. परंतु पेटीच्या तळाशी, जुन्या लिफाफ्यात, जे फोटो पडून असतात ते मला अधिक मोलाचे वाटतात. बर्फात दोघे मित्र एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे आहेत. लंगरमध्ये कोणी भली मोठी पळी हातात धरून हसतो आहे. बडाखान्याच्या रात्री कोणाच्या डोक्यावर फेटा बांधला जात आहे. बंकरच्या दाराशी गणपतीची लहानशी मूर्ती मांडून आरती चालली आहे, आणि आरती म्हणणाऱ्यांत मराठी किती आणि इतर प्रांतांतले किती हे चेहऱ्यांवरून सांगणे कठीण. कोणी पत्र लिहितो आहे, त्याला कळलेलेही नाही की सोबत्याने त्याचा फोटो काढला. साठ-सत्तरच्या दशकांत आपल्याकडे आग्फा क्लिक-थ्री हा साधा कॅमेरा घरोघर पोहोचला. एका रोलमध्ये बारा फोटो, आणि बाराही जपून वापरायचे. त्या बारांपैकी एक सोबत्याच्या नकळत त्याच्यावर खर्च करावासा वाटणे, यात पलटणीतल्या स्नेहाचा जो पुरावा आहे तो कोणत्याही प्रशस्तिपत्रात मिळणार नाही.

वस्तुतः सैनिकाच्या आयुष्याचा फार मोठा भाग वाट पाहण्यात जातो. गाडीची वाट, पत्राची वाट, रजेची वाट, पहाऱ्याची पाळी संपण्याची वाट. युद्धाचे दिवस थोडे असतात आणि पराक्रमाचे क्षण त्याहून थोडे. सरकारी छायाचित्रकार स्वाभाविकपणेच संचलन टिपतो, पदकप्रदान टिपतो, शस्त्रे टिपतो. १९०९ साली ‘फौजी अखबार’ म्हणून सुरू झालेल्या आणि आज ‘सैनिक समाचार’ या नावाने मराठीसह तेरा भाषांत निघणाऱ्या नियतकालिकाच्या पानांतून असा मोठा संग्रह साठला आहे, आणि त्याचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात जनरल नियाझी शरणागतीच्या कागदावर सही करीत आहेत आणि शेजारी जनरल अरोरा बसले आहेत, हे छायाचित्र तर राष्ट्राच्या स्मृतीचा भाग होऊन बसले आहे. परंतु त्या टेबलापासून दूर, कोणत्याशा चिखलमय रस्त्याच्या कडेला बूट काढून पाय वाळवत बसलेला जो जवान होता, त्याचा फोटो त्याच्या सोबत्याने काढला असेल तरच तो आहे. सन्मान करायचा तर त्या पायांचाही करावा लागेल.

या फोटोंत स्त्रिया फार थोड्या दिसतात, हीही लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. नवरा सीमेवर आणि बायको भाताच्या खाचरात. दोघे एका चौकटीत यायचे ते लग्नात, आणि त्यानंतर थेट निवृत्तीच्या वेळी, कारण पेन्शनच्या कागदांना पतिपत्नीचे संयुक्त छायाचित्र जोडावे लागते. कित्येक जुन्या घरांत नवराबायकोचा एकत्र असा तोच एक फोटो सापडतो, दोघेही कॅमेऱ्याकडे गंभीरपणे पाहणारे, सरकारी कामासाठी काढलेला. त्या फोटोची प्रत मोठी करून भिंतीवर लावावी असे क्वचितच कोणाला सुचते, आणि माझ्या मते ती अवश्य लावावी. कारण वीस-बावीस वर्षे एकटीने घर, शेत, म्हातारी माणसे आणि मुले सांभाळणाऱ्या त्या बाईची नोकरी फौजेतल्या नोकरीहून कमी कष्टाची नव्हती. आता काळ पालटला आहे. आपल्याच ठाणे जिल्ह्यातील मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ऑगस्ट २०१८ मध्ये काश्मीरच्या गुरेझ भागात धारातीर्थी पडले, आणि त्यांच्या पत्नी कनिका राणे यांनी दोन वर्षांनी चेन्नईच्या अकादमीतून स्वतः अधिकारपद स्वीकारले. मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून सतरा मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. उद्याच्या घरांतल्या भिंतीवर गणवेशातल्या आजीचाही फोटो असणार आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे सर्व लिहावयास घेतले तिच्याकडे वळतो. फोटो चेहरा जपतो, नाव जपत नाही. ज्याने तो पाहिला आणि ओळखला त्याच्या हयातीपुरतेच त्या चेहऱ्याला नाव असते. तिसऱ्या पिढीला आजोबा ओळखता येतात, आजोबांच्या खांद्यावर हात टाकून उभा असलेला तो मित्र कोण हे सांगता येत नाही, आणि चौथ्या पिढीला आजोबाही ओळखता येत नाहीत. मग तो फोटो पुन्हा एक नमुना होतो, जुन्या काळच्या कोण्या एका शिपायाचा, वीरगळावरच्या वीरासारखाच. हा ऱ्हास थांबवण्याचा उपाय अत्यंत साधा आणि बिनखर्ची आहे, आणि तो म्हणजे फोटोच्या पाठीमागे लिहिणे: नाव, हुद्दा, पलटण, साल, ठिकाण, शेजारी कोण उभे आहे, आणि फोटो काढला कोणी. हे सात-आठ शब्द नसतील तर उत्तमातला उत्तम फोटोही मुका राहतो. लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमने १९१७ साली, युद्ध चालू असतानाच, कुटुंबांना आवाहन करून पडलेल्या सैनिकांचे फोटो मागवले, आणि जे हजारो फोटो आले ते आज अभ्यासकांच्या आणि वारसांच्या उपयोगी पडतात, याचे कारण प्रत्येकासोबत माणसाचा तपशील आला होता. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात, जे २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण झाले, २५,९४२ नावे सुवर्णाक्षरांत कोरली गेली. बसऱ्याच्या आकड्यांपासून तेथवर येण्यास आपल्याला फार काळ लागला, पण आपण आलो. नावे राष्ट्राने कोरली आहेत. त्या नावांना चेहरे देण्याचे काम मात्र कोणतीही कचेरी करू शकणार नाही, कारण चेहरे घरांत आहेत.

घरांत ते सुरक्षित आहेत असेही नाही. आमच्या भिवंडीची हवा या कागदांना अजिबात मानवत नाही. खाडीचा दमटपणा, चार महिन्यांचा पावसाळा, आणि बारमाही यंत्रमागांवरून उडणारे कापसाचे बारीक तंतू, यांनी तसबिरीच्या काचेआड बुरशी धरते आणि कागद काचेला चिकटतो. असा चिकटलेला फोटो ओढून काढू नये. काचेसकटच त्याचे चांगल्या उजेडात दुसरे छायाचित्र घ्यावे आणि मग जाणत्या माणसाचा सल्ला घ्यावा. बाहेरच्या ओलसर भिंतीवर किंवा देवघरातल्या समईच्या धुरासमोर मूळ फोटो लावू नये, तेथे प्रत लावावी. लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण ते पुन्हा सोडवता येत नाही आणि आतल्या कागदाला कायमचे बंदिस्त करते. चिकट पानांचे अल्बमही तितकेच घातक. जुने काळेपांढरे फोटो चांदीच्या कणांचे असल्यामुळे नीट ठेवल्यास शंभर वर्षेही टिकतात. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो मात्र अंधारात ठेवले तरी तांबूस होत जातात, कारण त्यांतला निळसर रंग आधी विरतो, आणि म्हणून त्यांची प्रत आधी करून घ्यावी. स्कॅन करणाऱ्याला सहाशे डीपीआय सांगावे आणि पाठीमागची बाजूही स्कॅन करून घ्यावी, तिच्यावर फोटोवाल्याचा शिक्का असतो आणि त्यावरून छावणीचे गाव कळते. पाठीमागे लिहायचे ते मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नसेल तर मजकूर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती फोटोसोबत लिफाफ्यात ठेवावी.

जे आज सेवेत आहेत त्यांच्या बाबतीत मात्र उत्साहाला आवर घालणे हेच कर्तव्य ठरते. खिशातल्या फोनने आता प्रत्येक जण छायाचित्रकार झाला आहे, आणि रजेवर आलेल्या मुलाचा, भावाचा फोटो जगाला दाखवावा अशी इच्छा होणे अगदी स्वाभाविक आहे. पण फोन त्या छायाचित्रात जागेचे अक्षांश-रेखांशही गुपचूप नोंदवून ठेवतो, बाहीवरच्या चिन्हावरून पलटण कळते, मागच्या डोंगरावरून ठाणे कळते. सैन्याने जुलै २०२० मध्ये आपल्या लोकांना एकोणनव्वद ॲप फोनमधून काढून टाकण्याचा हुकूम दिला तो याच कारणाने, आणि तो जाचक वाटला तरी योग्य होता. सेवेतल्या माणसाचा फोटो जरूर काढावा, छापून घ्यावा, पाठीमागे लिहावे आणि घरात ठेवावा. तो चव्हाट्यावर मांडण्यास त्याची निवृत्ती होईपर्यंत थांबता येते. तद्वत, जो धारातीर्थी पडला त्याच्या फोटोचा चौकात फ्लेक्स लावताना त्याच्या आईची आणि पत्नीची परवानगी घेतली जावी, आणि त्या फलकावर सैनिकाच्या चेहऱ्याहून पुढाऱ्यांचे चेहरे मोठे नसावेत, एवढी मर्यादा तरी गावाने पाळावी. हुतात्म्याच्या स्मृतीचा असा उपयोग पाहिला की मनाला अतोनात क्लेश होतात.

दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन येतो. १९४९ पासून पाळल्या जाणाऱ्या या दिवशी निधी देणे हे आपले कर्तव्य आहेच आणि ते कोणी चुकवू नये. परंतु भिवंडी शहरात, पडघ्यात, अंजूरला, अनगावला किंवा खारबावला ज्या ज्या घरात एखादा माजी सैनिक हयात आहे, त्या घरातल्या तरुणांना माझी विनंती आहे की त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्यापुढे ते जुने फोटो मांडून बसावे, एकेकावर बोट ठेवून विचारावे, आणि ते जे सांगतील ते जसेच्या तसे लिहून घ्यावे. शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना हे काम द्यावे. सार्वजनिक वाचनालयांनी एका कपाटाची जागा या प्रतींसाठी राखावी, मूळ फोटो मात्र घरांतच राहू द्यावेत. यासाठी समिती नको, उद्घाटन नको. एक पेन्सिल पुरे. दुसऱ्या महायुद्धात लढलेली आपल्या भागातली बहुतेक सर्व माणसे गेली, १९६२ आणि १९६५ची आता ऐंशीच्या पलीकडे आहेत, आणि १९७१ साली वीस वर्षांचे असलेले जवान आज सत्तरी ओलांडून पुढे गेले आहेत. ज्यांना विचारायचे आहे त्यांना या वर्षीच विचारावे.